नापास माल

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला कारखान्यात सोडण्याआधी सुरक्षिततेचे नियम सांगायची रीत असते. सुकेशनीनं अशी भाषणं इतक्या ठिकाणी ऐकली होती की तिचं त्याकडं लक्षच नव्हतं. ती हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवत बसली होती. समोर अर्पिता नावाची नवी सेफ्टी ऑफिसर, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, पाठ केलेलं न चुकता म्हणत पडद्यावरची चित्रं पुढं सरकवत होती. बूट, गॉगल, कानात घालायचे बोळे. मग एक व्यंगचित्र आलं. भला मोठा हॅमर, आणि त्याच्यासमोर झिंगलेला एक माणूस; हातात बाटली, एका डोळ्याच्या जागी फुली.

"हे खरं घडलेलं आहे बरं का, मॅडम," अर्पिता खुलून म्हणाली. "आमच्याच प्लांटमध्ये. एक हॅमरमन ड्यूटीवर पिऊन आला. डाय नीट न बघता घाव घातला. तुकडा उडाला आणि डोळा गेला त्याचा. तेव्हापासून आमच्याकडं दारूचा नुसता वास आला तरी माणूस घरी."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही माहीत. लय जुनी गोष्ट आहे. अवधूत सरांना माहीत असेल."

नाव सुकेशनीला माहीत होतं. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर मधलं नाव म्हणून ते छापलेलंच होतं, फक्त ते कुणी वाचलं नव्हतं. सूर्यभान. तिचा बाप. जिभेवर एकदम लोखंडाची चव आली, लहानपणी नळाला तोंड लावून पाणी प्यायल्यावर यायची तशी. तिनं पडद्याकडं पुन्हा बघितलं. चित्र काढणाऱ्यानं माणसाला लाल नाक दिलं होतं, सदऱ्याची बटणं चुकीची लावली होती. पुढच्या चित्रात आग लागल्यावर कुठल्या दारानं बाहेर पडायचं ते होतं. अर्पिता पुढं बोलत राहिली आणि सुकेशनी मान डोलवत राहिली. तिला एवढंच कळलं, की ही गोष्ट इथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. ड्रायव्हरला, ग्राहकाला, शिकाऊ पोराला, सगळ्यांना. परभणीच्या बाहेर वसमत रस्त्यावरच्या या शेडमध्ये तिचा बाप इतकी वर्षं रोज सकाळी नव्यानं दारू पीत होता.

आपण कुठल्या कारखान्यात निघालो आहोत हे तिला संभाजीनगरला ऑफिसातच ठाऊक झालं होतं. ती ज्या संस्थेत नोकरी करायची तिचं कामच हे, दुसऱ्याच्या मालाची परीक्षा करणं. पवनचक्कीच्या गिअरसाठी घडवलेले शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे, ग्राहकाकडं जाण्याआधी तपासायचे आणि पास की नापास ते सांगायचं. पत्ता बघून ती नाही म्हणू शकली असती. म्हटलं नव्हतं. काम ते काम, असं तिनं स्वतःला बजावलं होतं, आणि बसमध्ये जिंतूर मागं पडल्यावर खिडकीतून पळणारी कापसाची रानं बघताना तिला वाटलंही होतं की आपण शांत आहोत. आता कळलं, की ती शांत वगैरे नव्हती, ती नुसती वाट बघत होती.

ती तेव्हा शाळेत होती. थंडीचे दिवस, आणि सकाळच्या पाळीला सूर्यभान ताडकळसहून पहिल्या गाडीनं यायचा. डाय म्हणजे पोलादाचाच साचा. तापून पिवळाधमक झालेला गोळा त्यात ठेवून वरून घाव घातले की गोळा साच्याचा आकार घेतो. पण साचा आधी ऊन करून घ्यावा लागतो. रात्रभर गारठलेल्या साच्यावर तापलेलं पोलाद ठेवून घाव घातला तर साचाच काचेसारखा तडकतो. सूर्यभाननं त्या सकाळी म्हटलं होतं, साहेब, डाय थंड हाय, शेगडी लावू द्या. दारात ट्रक उभा होता. पाळीचा इनचार्ज असलेल्या अवधूतनं ट्रककडं बघितलं आणि म्हणाला, मार रे, काही होत नाही. हे बापानं तिला कितीदा सांगितलं असेल. दवाखान्यातून आल्यावर काही महिने तो दुसरं काही बोलतच नव्हता. अपघाताच्याच दिवशी चौकशीला सरकारी माणूस आला होता आणि अवधूतनं सांगितलं होतं, हा पिऊन आला होता. दोघातिघांनी माना डोलवल्या. डोळा गेला त्याचं दुःख घरानं कसंबसं पचवलं असतं. सूर्यभान पुन्हा दुसरीकडं कामालाही लागला असता. पण सूर्यभान दर रविवारी विहारात पुढं बसून पंचशील म्हणायचा, मुलांना म्हणायला लावायचा, आणि दारूला न शिवण्याचं पाचवं शील म्हणताना त्याचा आवाज जरा वर चढायचा, कारण स्वतःच्या बापाला ते मोडताना त्यानं बघितलं होतं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तो एकदाच विहारात गेला. चार शीलं म्हणून झाली आणि पाचव्याला मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. नुसतं खोकलंच असेल. सूर्यभान उठून आला तो परत गेलाच नाही.

"या या, मॅडम," अवधूत म्हणाला. तो आता सगळ्या प्लांटचा मॅनेजर होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, बोलणं तोंडभरून. सुकेशनीनं इतक्या वर्षांत त्याचा चेहरा मनात इतका घासून घासून ठेवला होता की प्रत्यक्षातला हा माणूस तिला त्याचा मोठा भाऊ वाटला. "आधी चहा. गोदावरीखोऱ्यातलं पाणी आहे, चहाला चव वेगळी. तुम्ही कुठल्या मूळच्या?"

"इथल्याच. ताडकळस."

"अरे वा! आपल्याच की मग. आपल्या जिल्ह्याच्या मुली इंजिनिअर होऊन आमचीच परीक्षा घ्यायला येतात, बरं वाटतं बघा." त्यानं बिस्किटांची बशी तिच्यापुढं सरकवली. त्याला मनापासून बरं वाटत होतं, हे तिला दिसलं, आणि त्यानं ती जास्तच पेटली. त्यानं जरा तरी खोटं हसायला हवं होतं. ताडकळस म्हटल्यावर एखादी पापणी तरी हलायला हवी होती. "या ऑर्डरवर आमचं पुढचं सगळं आहे, मॅडम. ही पास झाली की ही कंपनी आम्हाला कायमचं काम देणार. नाही तर पुण्याचे लोक टपूनच बसलेत."

तिनं बिस्कीट उचललं आणि खाल्लं.

शेडमध्ये शिरल्याबरोबर हॅमरचा दणका पायांतून वर चढला. भट्टीचं दार उघडलं, आतला उजेड बाहेर सांडला, आणि लांब चिमट्यात धरून एक तापलेला ठोकळा बाहेर आला. नारिंगी नव्हे, त्याच्याही पलीकडचा, बघवणार नाही असा. पहिल्या घावाला त्याच्या अंगावरची काळी खपली फुटून ठिणग्यांसारखी उडाली, दुसऱ्याला तो दबला, तिसऱ्याला लांबला. माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. हाताचं एक बोट वर, की घाव, तळवा आडवा, की थांब. सुकेशनीला हे आवडायचं. ही तिची अडचण होती. ज्या गोष्टीनं बापाचा डोळा खाल्ला तीच गोष्ट तिनं शिकायला घेतली, आणि शिकता शिकता तिला ती आवडून बसली. भंगारातून रस कसा होतो, त्या रसात क्रोम, निकेल, मॉलिब्डेनम किती घातलं की साधं लोखंड हट्टी होतं, निर्वात भांड्यात धरून त्यातला वायू कसा ओढून काढतात. कॉलेजात मास्तर सांगत असताना तिला वाटायचं, या सगळ्यात कुठं तरी एक जागा असेल, जिथं हात घातला की अवधूत सापडेल. एका अर्थानं तिचं सगळं शिक्षण सुडावर झालं होतं, इतर पोरींचं शिष्यवृत्तीवर व्हावं तसं.

शाफ्ट पलीकडच्या खोलीत लाकडी ओंडक्यांवर मांडून ठेवले होते. माणसाच्या मांडीपेक्षा जाड, घासून लख्ख केलेले. तिनं पहिल्यावर तेल चोपडलं, यंत्र सुरू केलं आणि त्याचा हातात धरायचा प्रोब पोलादाला टेकवला. हे यंत्र पोलादाच्या पोटात न ऐकू येणारा आवाज सोडतं. वाटेत तडा असला की आवाज त्याच्यावर आपटून लवकर परत येतो आणि पडद्यावर मधेच एक टोक उभं राहतं. तडा नसला की सुरुवातीला एक टोक, शेवटी एक टोक, आणि मधे सपाट निवांत रेघ. सुकेशनी प्रोब इंचाइंचानं सरकवत गेली. तिला तडा हवा होता. इतकी तहान तिला कशाचीच लागली नव्हती. आता दिसेल, या वळणावर दिसेल, या जाड भागाच्या मधोमध नक्की असेल. रेघ सपाटच. दुसरा शाफ्ट, तिसरा. शेवटच्यावर तर ती दोनदा फिरली. माल निर्दोष होता. त्याहून वाईट म्हणजे तो सुंदर होता. कुणीतरी जीव लावून तापवला होता, जीव लावून घडवला होता, आणि त्याची सगळी शाबासकी पलीकडच्या एसी केबिनमध्ये बसलेल्या त्या माणसाला मिळणार होती. संध्याकाळी तो बायकोला सांगेल, पास झालो. उद्या सकाळी अर्पिता पुन्हा ते चित्र लावेल.

तिचा अंगठा यंत्राच्या गोल खटक्यावर होता. तो फिरवला की यंत्राची श्रवणशक्ती वाढते. नको इतकी वाढवली की पोलादाच्या कणाकणाची कुजबुजसुद्धा ओरडल्यासारखी दिसते. तिनं खटका फिरवला. सपाट रेघेवर गवत उगवलं, गवताची झुडपं झाली, आणि मधोमध काही टोकं उभी राहिली. तिनं अवधूतला बोलावून घेतलं.

"बघा," ती म्हणाली.

त्यानं चष्मा वर केला, खाली केला. "हे काय?"

"आत बारीक तडे आहेत. केसाएवढे. माल घाईनं निववला की पडतात. पोलादात वायू अडकलेला असतो, त्याला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, म्हणून राखेच्या खड्ड्यात ठेवून संथ निववतात. कुणीतरी घाई केलीय." तिनं त्याच्याकडं थेट बघितलं. "घाई करायची सवय असते काही ठिकाणी."

"शक्यच नाही, मॅडम. खड्ड्यातनं आम्ही —"

"दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. माझ्याकडून नापास."

त्याचा चेहरा पडला. अक्षरशः पडला, गाल, ओठ, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं एकदम खाली आलं. तो स्टुलावर बसला आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला. सुकेशनी ते बघत उभी राहिली. हेच बघायला ती शाळेपासून निघाली होती, आणि ते इतकं गोड लागलं की तिला स्वतःचीच भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

ती ताडकळसला पोचली तेव्हा दिवस मावळतीला आला होता, बाजाराचा दिवस असल्यानं मोंढ्याजवळ अजून मोटारसायकलींची गर्दी होती. सूर्यभान ओट्यावर लसूण सोलत बसला होता. तो नेहमी उजवी बाजू रस्त्याकडं करून बसायचा, फुटका डोळा भिंतीकडं.

"कवा आलीस? फोन बी न्हाई."

"कामाला आले होते, आबा. तुमच्याच कारखान्यात." ती त्याच्या शेजारी बसली. "माल नापास केला त्याचा. अवधूतचा. बसकण मारली त्यानं."

सूर्यभानचा हात थांबला. त्यानं पूर्ण वळून, फुटक्या डोळ्यासकट, तिच्याकडं बघितलं. मग त्याच्या छातीतून एक आवाज आला, तो हसतो आहे हे तिला आधी कळलंच नाही. "सगुणा!" त्यानं आत हाक मारली. "अगं भायेर ये! आपल्या पोरीनं नापास केलंय त्याला!" सगुणाबाई पदराला हात पुसत आली, ऐकलं, आणि चौकटीला टेकून तिथंच खाली बसली. तिनं दोन्ही हातांनी बोटं मोडली, आधी लेकीवरून उतरवून आणि मग परभणीच्या दिशेला, पण ती दुसरी बोटं वेगळ्या अर्थाची होती. "वाटोळं होऊ दे त्याचं," ती शांतपणे म्हणाली. "माज्या माणसाला दारुडा म्हनला. वाटोळं होऊ दे." मग ती उठून आत गेली आणि रवा भाजल्याचा वास आला.

सुकेशनीला वाटलं होतं, बाप कदाचित रागावेल. काय गरज होती, असं काहीतरी म्हणेल. तो तर पोरासारखा पुन्हा पुन्हा विचारत होता. कसा बसला? घाम आला का? कोन कोन होतं बघायला? तिनं सगळं सांगितलं, थोडं वाढवूनही सांगितलं. त्यानं शिऱ्याचा घास तोंडात धरून विचारलं, "तडे कुठं घावले?"

"मधोमध."

"म्हंजी खड्ड्यातनं लवकर काढला." त्यानं घास गिळला. "खड्ड्यावर कोन असतं आता?"

"मला काय माहीत, आबा?"

"कोनी तरी असंलच की," सूर्यभान म्हणाला, आणि मग दुसरं काहीतरी बोलायला लागला. तो त्या संध्याकाळी खूप बोलला. शेजारच्या घरी जाऊनही सांगून आला. सुकेशनी अंथरुणावर पडून छताकडं बघत राहिली आणि आतल्या आत म्हणत राहिली, फिटलं. पण ते म्हटलं की लगेच पुन्हा म्हणावंसं वाटायचं.

सकाळी कागदावर सह्या करायला ती कारखान्यात गेली, तर फाटकाबाहेर लिंबाखाली पाच-सात कामगार घोळका करून उभे होते. मधे एक माणूस उकिडवा बसला होता, मांडीवर जेवणाचा डबा, तो उघडलेला नव्हता. त्यानं मान वर केली नाही. तिनं वॉचमनला विचारलं.

"मुंजाजी हाय त्यो. खड्ड्यावर असायचा. काढला त्याला कालच," वॉचमन म्हणाला. "पिऊन झोपला म्हनं, आन् माल आधीच भायेर काढला. सगळी ऑर्डर गेली बगा त्याच्यापायी. साहेबांनी सगळ्यांम्होरं सांगितलं."

सुकेशनीला हॅमरचा दणका पायांत जाणवला, पण हॅमर चालू नव्हता. शेड गप्प होती. ती केबिनपर्यंत कशी गेली ते तिला नंतर आठवलं नाही. अवधूत फोनवर होता; त्यानं हातानं बसायची खूण केली, फोन ठेवला आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "शोधून काढला, मॅडम. तुमच्यामुळंच सापडला म्हणायचा. पिणाराच आहे तो."

"तुम्ही त्याला प्यालेला बघितलंत?"

"बघायचं काय त्यात? तडे काय आपोआप पडतात? कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय?" त्यानं हात उडवला. तो खोटं बोलत नव्हता. हे तिला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं आणि ती हबकली. त्याला कारण लागत होतं, आणि कारण म्हणून माणूस लागत होता, आणि माणूस मिळाला की त्याच्या हातात बाटली आपोआप यायची. पण या खेपेला तडा तिनं दिला होता. थंड डाय तरी खरीच तडकली होती. हा तडा कुठंच नव्हता, तिच्या अंगठ्याखाली सोडून.

काहीच न बोलता ती निघून जाऊ शकत होती. दुसऱ्या संस्थेनं माल पास केला असता, यंत्राची चूक म्हणून गोष्ट मिटली असती, अवधूतचे चार दिवस हराम झाले असते. चांगला सूड होता तो, तिच्या आईच्या शिऱ्याइतका गोड. फक्त फाटकाबाहेर तो माणूस डबा न उघडता बसला होता.

"माझ्याबरोबर या," ती म्हणाली. तिनं शाफ्टवर पुन्हा तेल लावलं, यंत्र जिथं लावायला हवं तिथं लावलं, आणि अवधूतसमोर, अर्पितासमोर, दारात जमलेल्या कामगारांसमोर एकेक शाफ्ट तपासला. रेघ सपाट. "माल चांगला आहे. काल मी यंत्र चुकीचं लावलं. मुद्दाम."

"मुद्दाम?" अवधूतला शब्द कळला नसावा.

"मी सूर्यभानची मुलगी. तुमच्या चित्रातल्या माणसाची."

तो तिच्याकडं बघत राहिला. आठवायला वेळ लागला त्याला. हा वेळच तिला सगळ्यात जास्त झोंबला. "सूर्यभान," तो म्हणाला. "हां. हां. तो प्याला होता ना?"

"डाय थंड होती. त्यानं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मार."

अवधूतच्या कपाळावर आठी पडली, एखादी हरवलेली वस्तू आपण कुठं ठेवली ते आठवताना पडते तशी. क्षणभर तिला वाटलं, तो आठवतो आहे. मग आठी गेली. "असेल," तो म्हणाला. "मला तर तो प्यालेलाच आठवतो." आणि लगेच त्याचा आवाज चढला. "पण तुम्ही काय केलंत हे? तुमच्या ऑफिसला कळवतो मी. आत्ता कळवतो. तुमची नोकरी राहते का बघतो!" तो खिशातला फोन काढत बाहेर गेला. दारातले कामगार बाजूला झाले. अर्पिता रडवेली होऊन भिंतीला टेकली होती. सुकेशनी यंत्राची पेटी बंद करायला लागली. तिला वाटलं होतं, हे बोलून टाकल्यावर आत कुठंतरी मोकळं होईल. राग होता तिथंच होता, जसाच्या तसा, फक्त आता त्याला जायला जागा नव्हती. ज्या माणसाला आपण रोज मनात मारत होतो त्याला ते कळलंही नव्हतं. आणि अवधूत आपला गुन्हा विसरला नव्हता, त्यानं तो मनातल्या मनात दुसऱ्याच्या नावावर खराखुरा करून टाकला होता.

मुंजाजी फाटकावर नव्हता. घरी गेला, कामगारांनी सांगितलं, झरीला. साहेब परत घेणार म्हणे त्याला. घेईल, खड्ड्याला माणूस लागतोच. सुकेशनीला तेवढ्यावर थांबता आलं असतं. ती रिक्षा करून झरीला गेली.

घर गल्लीच्या सुरुवातीला होतं. मुंजाजी खाटेवर आडवा होता. तिला बघून उठून बसला. त्याची बायको चांगुणाबाई चुलीपाशी होती. सुकेशनीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, बापापासून शाफ्टपर्यंत, न थांबता. दोघं ऐकत राहिले.

"म्हंजी तुमचं आन् साहेबाचं वैर," मुंजाजी हळू बोलला. "ते तुमी फेडा की. मधी मी कशाला?"

"मला वाटलं नव्हतं की तुमच्यावर —"

"खड्डा म्हनलं की खड्ड्यावरचा मानूस आलाच. तुमच्या बापाला इचारायचं, त्यानं सांगितलं असतं." त्याचा आवाज चढत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "मी घेतो कवामवा. सणावाराला. गावाला म्हाईत हाय. म्हनून सगळ्यास्नी खरं वाटलं. कामावर एक थेंब न्हाई घेतला कदी, पर कोन ऐकनार?"

"मला बी खरं वाटलं," चांगुणाबाई एकदम म्हणाली. ती चुलीकडंच बघत होती. "काल ते घरी आले, तं मी त्यांचं तोंड हुंगलं. वीस वर्साचा संसार माजा. तोंड हुंगलं मी, मॅडम. आन् त्यांनी हुंगू दिलं."

सुकेशनीला सरकारी दवाखान्यातला तो वॉर्ड आठवला. औषधाचा वास, बापाच्या डोळ्याला बांधलेलं फडकं, आणि आई त्याच्यावर वाकलेली. ती पापा घेते आहे असं तिला वाटलं होतं, आणि लाजून ती खिडकीबाहेर बघायला लागली होती. इतकी वर्षं ती तेच समजत आली होती.

"मला माफ करा," ती म्हणाली.

चांगुणाबाई उठली. तिनं पदर खोचला आणि दाराकडं बोट केलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते सुकेशनीला ओळखीचं होतं. ते माफीनं निवणारं नव्हतं, आणि निवावं असं म्हणायचा हक्क जगात सगळ्यात कमी कुणाला असेल तर तो तिला होता.

"घरात नका सांगू हे. आमी काय करावं घरात आयकून? भायेर चला. गल्लीत सांगा."

सुकेशनी बाहेर आली. ऊन उतरलं होतं. समोरच्या ओट्यावर दोन म्हातारे बसले होते, नळावर बायका होत्या. तिच्या तोंडातून आवाज आला तो तिचा तिलाच ऐकू आला नाही. "मुंजाजी प्यालेले नव्हते. त्यांची काही चूक नव्हती. मी खोटं सांगितलं."

"जोरात," चांगुणाबाई तिच्या मागून म्हणाली.

तिनं पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. नळावरची एक बाई घागर खाली ठेवून जवळ आली.

"आनखी जोरात. त्या टोकाच्या घरापस्तोर गेलं पायजे. काल तिथवर गेलतं ते."

तिनं छाती भरून घेतली आणि ओरडून सांगितलं. दारं उघडली. माणसं बाहेर आली, कुणी जेवता जेवता, कुणी टॉवेल गुंडाळून. मुंजाजी चौकटीत येऊन उभा राहिला, खाली बघत. गल्लीच्या अगदी टोकाच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत टेकत येत होती आणि लांबूनच विचारत होती, काय झालं म्हनं, कोन हाय ती बाई, काय म्हनायलीय?

"थांबा, येऊ द्या त्यास्नी," चांगुणाबाई म्हणाली. म्हातारी येऊन टेकली तेव्हा तिनं सुकेशनीच्या पाठीला कोपरानं ढोसलं. "आता सांगा. पयल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे कुठून, हे सुकेशनीला क्षणभर कळेना. मग तिनं घसा साफ केला.

"मी ताडकळसची," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "सूर्यभानची पोरगी."